दूरध्वनीवरचा दवाखाना आणि आपला हक्क

(आपल्या विहाराच्या वर्धापनदिनी आरोग्य समितीच्या वतीने झालेले भाषण. बोलण्याच्या ओघातले शब्द फारसे न बदलता येथे छापले आहे.)



वर्धापनदिनाला आरोग्यावर भाषण म्हटलं की लोकांना वाटतं, आता हे तंबाखू, साखर आणि सकाळचं चालणं यावर बोलणार. त्यावर बोलायला हवंच, पण त्यासाठी आपल्या वस्तीत आता चार डॉक्टर झालेले आहेत आणि ते आमच्यापेक्षा चांगलं बोलतात. आमची आरोग्य समिती म्हणजे पाच-सहा माणसं. कुणी बँकेत, कुणी शाळेत, एक निवृत्त परिचारिका ताई, आणि कॉलेजातली दोन पोरं, ज्यांची बोटं फोनवर आपल्यापेक्षा दहापट वेगाने चालतात. आम्ही आज कायद्याबद्दल बोलणार आहोत. फोनवरून डॉक्टरला दाखवण्याचा जो प्रकार आहे, ज्याला टेलिमेडिसिन म्हणतात, त्याचा कायदा. विषय रुक्ष वाटेल. पण त्याआधी एक गोष्ट सांगतो. ती आमच्या चुकीची गोष्ट आहे.

दीड वर्षापूर्वी आम्ही विहारात दर शनिवारी सकाळी एक टेबल मांडायला सुरुवात केली. 'फोनवरून सरकारी डॉक्टर, मोफत' असं फळ्यावर लिहिलं. केंद्र सरकारची ई-संजीवनी नावाची सेवा आहे, ती आपल्या म्हाताऱ्या माणसांना वापरता यावी एवढाच हेतू. पहिल्याच महिन्यात एक आजी आल्या. कुठल्या गल्लीतल्या ते सांगणार नाही. ही गोष्ट सांगायची परवानगी आम्ही त्यांच्याकडून घेतली आहे, पण 'नाव नको रे बाबा' हे त्यांनी बजावलं आहे.

आजींचं नाव आमच्या पोराने भरलं. ओ.टी.पी. त्याच्याच फोनवर आला. टोकन मिळालं, जरा वाट पाहिली आणि पडद्यावर एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या. फार चांगल्या बोलल्या. "बोला आजी, काय होतंय?" आजी गप्प. आजूबाजूला आम्ही चौघं उभे. एक जण फोन सरळ धरतोय, दुसरा म्हणतोय, "आजी, मोठ्यानं बोला, ऐकू जात नाही." बाकावर पुढचे पाच-सहा जण नंबर लावून बसलेले, त्यांचेही कान तिकडेच. आजी म्हणाल्या, "काही नाही बाई, गुडघे दुखतात जरा." गोळी लिहून आली. आम्हाला इतका आनंद झाला की टाळ्या वाजवायच्याच तेवढ्या राहिल्या होत्या.

तीन महिन्यांनी आजींनी आमच्या परिचारिका ताईंना नळावर गाठलं आणि हळूच सांगितलं की अंगावरून लाल जातंय. पाळी जाऊन वीस वर्षं झालेली बाई. ताईंनी त्याच दिवशी त्यांना मोठ्या दवाखान्यात नेलं. आता उपचार चालू आहेत, आज त्या इथे मागे बसल्याही असतील. पण त्या शनिवारी आजी हेच सांगायला आल्या होत्या. डॉक्टर समोर होती, फुकट होती, बाई होती. मधे आम्ही उभे होतो. त्यांचे तीन महिने आमच्यामुळे गेले, हे आम्ही या व्यासपीठावरून कबूल करतो.

मग आम्ही नियम शोधून वाचले. आधी वाचायला हवे होते, ते नंतर वाचले. आणि लक्षात आलं की संमतीबद्दल त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. पेशंटने स्वतः डॉक्टरला फोन लावला तर त्याची संमती गृहीत धरतात. पण आरोग्य कर्मचाऱ्याने किंवा सांभाळणाऱ्या माणसाने पेशंटच्या वतीने लावला, तर पेशंटने स्वतः संमती द्यायची आणि डॉक्टरने ती नोंदवून ठेवायची. आजींना कुणी विचारलंच नाही. "आजी, हे लोक इथे उभे राहिले तर चालेल का?" एवढा एक प्रश्न. कायदा कशाला लागतो, तर असा प्रश्न विचारायचा राहू नये म्हणून लागतो, हे आम्हाला त्या दिवशी पटलं.

आता हे नियम आले कुठून ते थोडं सांगतो, कारण त्यातच आपल्या मागणीचं मूळ आहे.

दुरून डॉक्टरला दाखवणं आपल्या देशात नवीन नाही. इस्रोने २००१ सालीच उपग्रहाच्या जोडणीवर दूरची रुग्णालयं शहरातल्या मोठ्या रुग्णालयांना जोडून पाहिली होती. यंत्र होतं, उपग्रह होता, डॉक्टरही होते. कायदा मात्र नव्हता. फोनवर औषध सांगितलं तर तो गुन्हा होतो की उपचार, हे कुणालाच छातीठोकपणे सांगता येत नव्हतं. त्यातच २०१८ साली रत्नागिरीचं एक प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात आलं. बाळंतपणानंतर एक स्त्री पुन्हा रुग्णालयात दाखल झाली, डॉक्टर हजर नव्हते, फोनवरून औषधं सांगितली गेली आणि ती दगावली, असा आरोप होता. न्यायालयाने जुलै २०१८ मध्ये डॉक्टरांचा अटकपूर्व जामीन नाकारला आणि निदान न करता औषध देण्यावर कडक शब्दांत लिहिलं. जामिनाच्या टप्प्यावर दोषी कोण हे ठरत नसतं, तो निकाल नव्हता. पण धसका बसला. त्यानंतर अनेक डॉक्टर फोनवर साधी तापाची गोळी सांगायलाही कचरू लागले. त्या बाईवर अन्याय झाला म्हणावं, तर तेही खरं. आणि खेड्यातल्या शंभर बायांचा फोन त्यामुळे कुणी उचलेना, हेही खरं. स्पष्ट कायदा नसला की असं होतं, एकाच्या दुःखाची भीती सगळ्यांच्या वाट्याला येते.

नंतर कोरोना आला. २५ मार्च २०२० ला टाळेबंदी सुरू झाली, आणि त्याच दिवशी टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर झाली. वीस वर्षं जे झालं नाही ते एका दिवसात झालं. मे महिन्यात ती राजपत्रात आली आणि डॉक्टरांच्या वर्तणुकीचे २००२ सालचे जे नियम आहेत त्यांचं ती परिशिष्ट झाली. पुढे २ ऑगस्ट २०२३ ला राष्ट्रीय वैद्यक आयोगाने डॉक्टरांसाठी सगळे नवे नियम आणले, गडबड झाली, आणि २३ ऑगस्टला ते स्थगित झाले. म्हणजे पुन्हा २००२ चे नियम आणि त्याला जोडलेलं २०२० चं परिशिष्ट.

या परिशिष्टात चांगल्या गोष्टी पुष्कळ आहेत. डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर द्यायचा. आपलं नाव लपवायचं नाही, पेशंटनेही लपवायचं नाही. फी घेतली तर पावती द्यायची. लहान मुलाला एकट्याला तपासायचं नाही, मोठं माणूस बरोबर हवं. पेशंटला केव्हाही म्हणता येतं, "मला समोर येऊन दाखवायचंय." आणि यंत्राने, म्हणजे ज्याला आता जो तो ए.आय. म्हणतो त्याने, स्वतः औषध लिहून द्यायचं नाही. मदत करील, पण सही माणसाची. हे तुम्ही लक्षात ठेवा. कुणी फोनवर डॉक्टर म्हणून बोलला आणि नोंदणी क्रमांक विचारल्यावर टाळाटाळ केली तर फोन ठेवून द्या. बँकेचा ओ.टी.पी. मागितला तर तर ठेवाच. तो डॉक्टर नव्हे, भामटा आहे.

पण एक जागा आहे तिथे आम्ही अडखळलो, आणि ती तुम्हाला नीट समजावून सांगितली पाहिजे. औषधांच्या याद्या. परिशिष्टात औषधांचे गट पाडले आहेत. पहिला गट साध्या औषधांचा: तापाची पॅरासिटामॉल, जुलाबाचं क्षारसंजीवनी पाणी, घशाच्या गोळ्या. ती कुठल्याही फोनवर सांगता येतात. दुसऱ्या गटातली औषधं पहिल्या भेटीत द्यायची तर डॉक्टरने पेशंटला व्हिडिओवर पाहिलेलं पाहिजे. तिसरा गट जुन्या पेशंटसाठी: त्याच आजारासाठी आधी समोरासमोर दाखवलेलं असेल तर चालू औषधाच्या जोडीला नवं औषध वाढवता येतं. आणि काही औषधं, नशेची वगैरे, फोनवर अजिबात नाहीत. जुना पेशंट कुणाला म्हणायचं, तर त्याच आजारासाठी सहा महिन्यांच्या आत दाखवलेलं असेल त्याला. सहा महिने उलटले की तुम्ही पुन्हा नवे.

कागदावर हे शहाणपणाचं आहे. पेशंटला न बघता औषध देऊ नये, हे कोण नाही म्हणेल? पण आता आपल्या घरात बघा. आईकडे बटणाचा फोन आहे. मोठा फोन मुलाकडे, तो कामावर. सुनेकडे आहे, पण त्यात रिचार्ज नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे २०१९ ते २१ चे आकडे आहेत: स्वतः वापरता येईल असा मोबाईल देशातल्या ५४ टक्के स्त्रियांकडे होता, आणि इंटरनेट कधी ना कधी वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के, पुरुष ५७ टक्के. त्यानंतर फोन वाढले असतील. पण ज्या बाईकडे बटणाचाच फोन आहे तिला नव्या आजारावर कायद्याने फक्त पहिल्या गटाचं औषध मिळतं. ताप आणि जुलाब. दुसऱ्या गटासाठी तिला व्हिडिओ हवा. यादी लिहिणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं, पण त्याच्या टेबलावर मोठा फोन होता.

म्हणून आम्ही म्हणतो की फोन कुणाच्या हातात आहे हे गौण ठरलं पाहिजे. व्हिडिओची सोय गावातच, आरोग्य उपकेंद्रात असली पाहिजे. ई-संजीवनीचे दोन प्रकार आहेत, ते बऱ्याच जणांना माहीत नाहीत. एक आपण घरून वापरतो तो, एप्रिल २०२० मध्ये सुरू झाला. त्याच्या आधीचा, नोव्हेंबर २०१९ चा प्रकार वेगळा आहे. त्यात पेशंट उपकेंद्रात जातो, तिथला समुदाय आरोग्य अधिकारी ब्लडप्रेशर वगैरे बघतो आणि तिथूनच मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरला व्हिडिओवर जोडून देतो. गरिबाच्या कामाचा खरा प्रकार हा. फेब्रुवारी २०२३ पर्यंत दोन्ही मिळून १० कोटी सल्ले झाले असं सरकारने जाहीर केलं, आणि त्यात ५७ टक्क्यांहून जास्त स्त्रिया होत्या. हा आकडा आम्हाला मोठा बोलका वाटतो. बाईला दवाखान्यात जायचं तर कुणीतरी सोबत हवं, मजुरी बुडते, घरचं कोण करणार. एस.टी.चं तिकीट बायांना मार्च २०२३ पासून अर्धं झालं. चांगलंच झालं. पण तिकीट अर्धं झालं तरी दिवस पूर्णच जातो.

आता आमच्या समितीतल्या एका सभासदाच्या गावची हकीकत ऐका. गाव मराठवाड्यातलं, नाव घेत नाही. त्यांच्या आईला दम्याचा त्रास. त्यांनी इथून फोन करून सांगितलं, "आई, उपकेंद्रात जा, तिथं व्हिडिओवर डॉक्टर दाखवतात." आई गेली. अधिकाऱ्याची जागा कित्येक महिने रिकामी. कपाटात टॅब होता, कपाटाला कुलूप होतं, किल्ली बदलून गेलेल्या माणसाकडे. दुसऱ्या वेळी गेली तेव्हा माणूस होता, रेंज नव्हती. तिसऱ्या वेळी ती गेलीच नाही. म्हणाली, "त्या डब्ब्यात डॉक्टर आहे म्हणतात, पण तो आमच्या गावाला यायला तयार नाही."

यात चूक कुणाची? आम्ही तक्रार लिहायला बसलो तेव्हा कळलं की तक्रार कशाच्या आधारे लिहायची हाच प्रश्न आहे. डॉक्टरने नियम मोडला असता तर महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे गेलो असतो. पण इथे डॉक्टर भेटलाच नाही. ते परिशिष्ट पुन्हा पुन्हा वाचलं. त्यात डॉक्टरने काय करावं आणि काय करू नये ते सगळं आहे. पेशंटला ही सेवा मिळालीच पाहिजे, अमुक वेळात मिळाली पाहिजे, आणि नाही मिळाली तर जबाबदार कोण, असं एक वाक्यही त्यात नाही. असणार कसं? डॉक्टरांच्या वर्तणुकीचा तो नियम आहे. आणि ई-संजीवनी ही योजना आहे. योजना आज आहे, उद्या तिचं नाव बदलेल, परवा पैसा दुसरीकडे जाईल. तिच्याविरुद्ध कोर्टात उभं राहायला आपल्या पायाखाली जमीन नाही.

हा फरक आपल्या लोकांना नव्याने सांगायला नको. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात गिरणी कामगार स्त्रियांना बाळंतपणाची पगारी विश्रांती देण्याचं विधेयक आलं, तेव्हा बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा देणारं भाषण केलं. आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, आणि तिचा भार सरकारने उचलावा, मालकानेही आपला वाटा उचलावा, असं त्यांचं म्हणणं होतं. १९२९ साली कायदा झाला. आता त्याआधी एखादा मालक बाळंतिणीला सुट्टी देतच नसेल असं नाही. देत असेलही. पण ती त्याची दया होती. कायद्यानंतर ती बाई कामावरून घरी जाताना कुणाचे आभार मानत नव्हती.

मग कायदा करायचा कुणी? इथे आम्हाला घटनेची सातवी अनुसूची उघडावी लागली. सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालयं राज्य सूचीत आहेत, सहाव्या क्रमांकावर. वैद्यकीय व्यवसाय समवर्ती सूचीत, सव्विसाव्या क्रमांकावर. दूरसंचार संघ सूचीत. म्हणजे फोनची तार दिल्लीच्या हातात, डॉक्टरची सनद दोघांच्या, आणि दवाखाना राज्याच्या हातात. म्हणून डॉक्टरने फोनवर कसं वागावं हे दिल्लीने ठरवलं. पण उपकेंद्राचं कुलूप उघडं असलंच पाहिजे, हे विधानसभेला ठरवता येतं. आपला पत्ता दिल्लीचा नाही, आपल्या आमदाराच्या घराचा आहे. तो तर वस्तीत येत-जात असतोच, निवडणुकीत जरा जास्त येतो.

असा कायदा होत नाही असं नाही. राजस्थानने मार्च २०२३ मध्ये आरोग्याच्या हक्काचा कायदा केला. खाजगी डॉक्टरांचा त्याला मोठा विरोध झाला, रस्त्यावर आंदोलनं झाली, तरी झाला. तो पूर्ण आहे असं आमचं म्हणणं नाही, पण हक्क हा शब्द तिथे कायद्याच्या नावातच आहे. आणि सर्वोच्च न्यायालयाने तर १९९६ सालीच सांगून ठेवलं आहे. पश्चिम बंगालमधला एक शेतमजूर गाडीतून पडला, डोक्याला मार लागला, एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी त्याला घेतलं नाही, कुठे खाट नाही तर कुठे यंत्र नाही. न्यायालयाने जगण्याच्या हक्काचा, कलम २१ चा, भंग झाला असं म्हणून २५ हजार रुपये भरपाई द्यायला लावली, आणि पैसे नाहीत हे कारण सरकारला सांगता येणार नाही असं बजावलं. विशेष म्हणजे कुठल्या रुग्णालयात कुठली खाट रिकामी आहे हे कळवण्यासाठी मध्यवर्ती संपर्काची सोय करा, असंही त्या निकालात सुचवलं आहे. १९९६ साली! फोनचा आणि जिवाचा संबंध न्यायालयाने तेव्हाच ओळखला होता.

कायदा करा म्हणताना आणखी एक सावधगिरी. मुदतीची सवलत हा कायदा नव्हे. अमेरिकेत म्हाताऱ्या माणसांसाठी सरकारी आरोग्य विमा आहे, मेडिकेअर. त्यात बहुतेक आजारांसाठी फोनवरच्या डॉक्टरचे पैसे मिळायचे ते फक्त खेड्यातल्या माणसाला, आणि तेही त्याने जवळच्या दवाखान्यात जाऊन फोनसमोर बसायचं. २०२० मध्ये कोरोनामुळे ही अट उठवली, घरून चालेल म्हणाले. पण कायमची नाही उठवली, मुदत घालून उठवली. मग दर वेळी मुदतवाढ. १ ऑक्टोबर २०२५ ला तिथल्या संसदेत पैशाचं भांडण झालं, सरकारी कामकाज बंद पडलं आणि त्याबरोबर ही सवलतही संपली. दीड महिना म्हातारी माणसं आणि त्यांचे डॉक्टर टांगलेले. नोव्हेंबरात कायदा करून मागच्या तारखेपासून ती पुन्हा दिली, तीही जानेवारी २०२६ च्या अखेरपर्यंतच. एवढा श्रीमंत देश, आणि तिथल्या ऐंशी वर्षांच्या बाईच्या दवाखान्याची तारीख संसदेच्या भांडणावर ठरते. आपण मागायचं तर बिनमुदतीचं मागू.

आम्ही एक निवेदन तयार केलं आहे, ते बाहेर टेबलावर आहे. मजकूर मोठा आहे, सगळा वाचत नाही. मुख्य मागणी अशी की राज्याने कायद्यानेच ठरवावं की प्रत्येक उपकेंद्रात आणि शहरातल्या प्रत्येक सरकारी दवाखान्यात आठवड्यातल्या ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी फोनवरच्या डॉक्टरची सोय मिळेल. तिथे दाराला कडी असलेली स्वतंत्र खोली असेल आणि स्त्री पेशंटला हवी असेल तर सोबतीला स्त्री कर्मचारी असेल. हे कलम आम्ही आजींसमोर बसून लिहिलं. फोनवर लिहून आलेलं औषध त्याच सरकारी दवाखान्यात फुकट मिळालं पाहिजे, नाहीतर चिठ्ठी मोफत आणि गोळ्या बाजारातून, अशी गत होते. सेवा मिळाली नाही तर तक्रार कुठे करायची आणि किती दिवसांत उत्तर द्यायचं हेही कलमात हवं. आणि एक गोष्ट आम्ही ठळक अक्षरात लिहिली आहे: फोनवर डॉक्टर मिळतो म्हणून गावातली डॉक्टरची जागा रद्द करता येणार नाही. ही भीती काल्पनिक नाही. सरकारला स्वस्त काय ते लवकर कळतं. पोटाला हात लावून बघायचं काम पडद्याला जमत नाही, आणि आजींचा आजार शेवटी तपासूनच कळला.

एका मुद्द्यावर आमच्यातच एकमत नाही, तेही सांगून टाकतो. बटणाच्या फोनवर, म्हणजे नुसत्या आवाजावर, नव्या आजारासाठी दुसऱ्या गटाची औषधं द्यायला परवानगी मागावी का? पोरं म्हणतात मागावी, नाहीतर गरिबाला फक्त पॅरासिटामॉल. परिचारिका ताई म्हणतात, अजिबात नको. तीस वर्षं वॉर्डात काढली आहेत त्यांनी. त्या म्हणतात, "ओठ निळे पडलेत का हे आवाजातून दिसत नाही. गरिबाला दुय्यम तपासणी चालते असं आपणच कशाला लिहून द्यायचं?" पोरांचं म्हणणं, तपासणी नाहीच त्यापेक्षा दुय्यम बरी. तीन बैठका झाल्या, वाद मिटला नाही. म्हणून निवेदनात ती जागा कोरी सोडली आहे. तुम्ही वाचा, तुमचं मत लिहा. मात्र या मुद्द्याचा नियम दिल्लीच्या आयोगाचा आहे, आमदाराच्या हातातला नाही, तेव्हा तो कागद वेगळा जाईल.

कायदा होईपर्यंत जे आहे ते तरी वापरू. टेली-मानस नावाची सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६. दिवसरात्र, फुकट, मराठीत बोलता येतं आणि साध्या फोनवरून लागतो. झोप लागत नाही, मन लागत नाही, जगणं नको वाटतंय, कशासाठीही. आपल्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची पोरं-पोरी रात्री दोन-दोनपर्यंत बसतात. निकालाच्या दिवशी कोण गप्प होऊन घरी गेलं याकडे आपलं कुणाचं लक्ष नसतं. हा नंबर आम्ही अभ्यासिकेच्या दारावर आतल्या बाजूने रंगवून घेतला आहे. आतल्या बाजूने अशासाठी, की तो टिपून घेताना कुणी बघू नये.

छातीत कळ आली, तोंड वाकडं झालं, हात-पाय लुळा पडला, बाळंतपणात रक्त थांबेना, तर फोनवरच्या डॉक्टरच्या रांगेत बसू नका. १०८ लावा आणि निघा.

आणि शनिवारचं टेबल. ते बंद केलं नाही, जागा बदलली. ग्रंथालयाच्या मागची खोली कमिटीने दिली, तिला दार आहे. आत एक खुर्ची, एक फोन स्टँडवर. आमचा माणूस नाव घालून, टोकन घेऊन, "आजी, आम्ही बाहेर जाऊ का?" असं विचारतो आणि बहुतेक वेळा बाहेर येतो. बायकांसाठी ताई थांबतात, त्याही विचारून. येताना जुन्या चिठ्ठ्या आणि चालू गोळ्यांची पाकिटं घेऊन या, नुसती 'ती पांढरी गोळी' सांगितलं तर डॉक्टरलाही कळत नाही. शेवटी समोर दाखवलं ती तारीख आठवत असेल तर तीही सांगा, कारण सहा महिन्यांचा हिशोब तिच्यावरच आहे.

निवेदन महिनाअखेरपर्यंत टेबलावर राहील. न वाचता सही करू नका, आणि अंगठा देणाऱ्यांना ते पूर्ण वाचून दाखवायची जबाबदारी पोरांनी घेतली आहे. पुढच्या महिन्यात आमदारसाहेबांची वेळ घेतली आहे, दहा जण जायचे आहेत. त्यातली निम्मी नावं महिला मंडळाने द्यावीत. आजींना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "येते, पण बोलायचं तुम्ही." मग जरा थांबून म्हणाल्या, "बघू, तिथं गेल्यावर."

जयभीम.